आम्लीकरण आणि वनस्पतिप्लवकांचा समुदाय : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

प्रकल्पाचे काम आज सुरू झाले. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला, तर त्या पाण्यात एकत्र नांदणाऱ्या वनस्पतिप्लवकांपैकी, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म जीवांपैकी, कोण पुढे सरकेल, कोण मागे पडेल आणि त्यांचे आपापसांतले व्यवहार कसे बदलतील, हा आमचा प्रश्न आहे. एकेक जात वेगळी वाढवून तिच्यावर केलेले काम भरपूर उपलब्ध आहे. आम्ही मात्र समुदाय आहे तसा घेणार आहोत, कारण समुद्रात कोणतीही जात एकटी राहत नाही आणि एकट्या जातीने प्रयोगशाळेत दिलेले उत्तर गर्दीत टिकेलच असे नाही.

पुढे वारंवार लागणारी पार्श्वभूमी येथे लिहून ठेवतो. औद्योगिक युगापूर्वी हवेत सुमारे २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८० भाग) कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० पीपीएमच्या वर गेला आहे. माणसाने हवेत सोडलेल्या या वायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. हा फरक किरकोळ वाटतो, परंतु सामूची मोजपट्टी लॉगरिदमवर आधारलेली असल्याने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढ होय. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे. ‘आम्लीकरण’ हा शब्द बदलाची दिशा सांगतो, पाणी आम्ल झाले आहे असे सांगत नाही. अहवालात हे पहिल्याच पानावर लिहावे, असे माझे मत आहे.

६ फेब्रुवारी

दहा लिटरच्या बारा पॉलिकार्बोनेट बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, नंतर अतिशुद्ध पाण्याने अनेकदा खळखळून धुतल्या. हे काम कंटाळवाणे असले तरी त्यात कसूर चालत नाही. खुल्या समुद्रात लोहाचे प्रमाण इतके अत्यल्प असते, की बाटलीच्या भिंतीला चिकटलेला अंशही प्लवकांना खतासारखा लागू पडतो आणि मग दिसणारी वाढ कार्बनमुळे झाली की लोहामुळे, हे सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी

पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढवायचा कसा, यावर आजचा सगळा दिवस चर्चेत गेला. पहिला मार्ग म्हणजे वायूचे बुडबुडे सोडणे. ही पद्धत निसर्गातल्या प्रक्रियेला जवळची आहे, पण बुडबुड्यांच्या माऱ्याने नाजूक पेशी फुटतात. दुसरा मार्ग म्हणजे नुसते आम्ल घालणे. त्याने सामू उतरतो खरा, परंतु पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, हीही उतरते आणि एकूण विरघळलेला कार्बन आहे तेवढाच राहतो. हवेतला वायू समुद्रात मुरतो तेव्हा मात्र अल्कता कायम राहून कार्बन वाढतो. तिसरा मार्ग म्हणजे बायकार्बोनेट आणि तितकेच हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र घालून बाटली घट्ट बंद करणे. यात आम्लामुळे कमी होणारी अल्कता बायकार्बोनेट भरून काढते आणि कार्बन वाढतो. आम्ही हाच मार्ग स्वीकारला.

चार पातळ्या ठरल्या: ४००, ६००, ८०० आणि १००० पीपीएम. प्रत्येक पातळीला तीन बाटल्या. आमच्या पाण्यासाठी त्यांचे सामू अनुक्रमे ८.०५, ७.९, ७.८ आणि ७.७ च्या आसपास येतात.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. पाण्यात मुरलेला वायू दोन विरुद्ध परिणाम एकाच वेळी घडवतो. त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार होतात; हे मोकळे हायड्रोजन आयन आधीच पाण्यात असलेल्या कार्बोनेटला गाठून त्याचेही बायकार्बोनेट करून टाकतात. म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला लागणारा कच्चा माल वाढतो आणि चुन्याचे कवच टिकवून धरणारे कार्बोनेट घटते. समुदायातल्या कोणाला काय हवे आहे, यावर लाभ-हानीचा हिशेब अवलंबून राहणार.

१२ फेब्रुवारी

पहाटे पाणी आणले. मोठे प्राणिप्लवक वेगळे करण्यासाठी २०० मायक्रोमीटरच्या जाळीतून ते सावकाश गाळले. त्याहून लहान भक्षक, म्हणजे सूक्ष्म प्राणिप्लवक, आत राहतात. त्यांना काढले तर वनस्पतिप्लवकही निघून जातील, म्हणून त्यांचे अस्तित्व गृहीत धरूनच चालावे लागेल. बाराही बाटल्या एकाच पिंपातून, आळीपाळीने थोड्या-थोड्या भरल्या, जेणेकरून सुरुवातीचा समुदाय सगळ्यांत सारखा राहील.

अल्कतेचे अनुमापन दोनदा केले आणि दोन्ही वाचने जुळली. सामू मोजण्यासाठी काचेच्या विद्युतअग्रावर विसंबायचे नाही, असे आधीच ठरले होते. मेटा-क्रेसॉल पर्पल या दर्शकाचे थेंब टाकून वर्णपटमापकात रंगांचे गुणोत्तर वाचले. पाण्यात दर्शक पडताच आधी जांभळ्या रंगाची तार उतरते आणि हलवल्यावर सगळा नमुना एकसारखा होतो. १००० पीपीएमच्या पाण्यात तोच रंग पिवळसरपणाकडे झुकलेला स्पष्ट दिसतो. आकडे कागदावर उतरवण्याआधीच डोळ्यांना फरक कळतो, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे.

१३ फेब्रुवारी

बाटल्या प्रकाशकक्षात ठेवल्या. दिव्यापासूनच्या अंतराचा परिणाम एकाच गटावर होऊ नये म्हणून दररोज जागा बदलण्याचा तक्ता भिंतीवर लावला आहे.

१६ फेब्रुवारी

सायंकाळच्या वाचनात सगळ्याच बाटल्यांचा सामू सकाळपेक्षा वर गेलेला आढळला. हे अपेक्षितच होते: दिवसभर प्रकाशसंश्लेषणाने पाण्यातला कार्बन ओढला जातो आणि रात्री श्वसनाने काही प्रमाणात परत येतो. मात्र १००० पीपीएमच्या बाटल्यांमधला चढउतार ४०० पीपीएमच्या बाटल्यांपेक्षा मोठा होता. प्रथम मला मोजणीतली चूक वाटली, म्हणून सहकाऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा वाचन घेतले, तेच आले. विचार केल्यावर कारण पटले. कार्बोनेट घटले की पाण्याची हायड्रोजन आयन झेलून धरण्याची ताकदही घटते, त्यामुळे तेवढ्याच कार्बनच्या देवाणघेवाणीने सामू अधिक हलतो. म्हणजे भविष्यातल्या समुद्रात प्लवकांना केवळ सरासरी कमी सामूला नव्हे, तर दिवस-रात्रीच्या अधिक तीव्र हेलकाव्यालाही तोंड द्यावे लागेल. पुष्कळ प्रयोगांत सामू एका आकड्यावर खिळवून ठेवतात, आणि तेथे हा परिणाम दिसतच नाही.

मोठ्या पेशींच्या बाबतीत ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. पेशीच्या भोवती पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पेशी मोठी असेल तर हा थर जाड असतो आणि प्रकाशसंश्लेषण सुरू असताना पेशीच्या अंगालगतचा सामू बाहेरच्या पाण्यापेक्षा बराच वेगळा असू शकतो. दोन मायक्रोमीटरपेक्षा लहान पेशीला या थराचा आडोसा जवळपास लाभत नाही. तिला बाहेरचे पाणी जसे आहे तसेच झेलावे लागते. म्हणून आकार हा आमच्या नोंदीतला केवळ वर्णनाचा रकाना नाही, तो परिणामाच्या कारणांपैकी एक आहे.

जैवभार वाढून प्रयोगाचीच पातळी बिघडू नये यासाठी उद्यापासून एक दिवसाआड प्रत्येक बाटलीतले काही पाणी काढून, त्याच पातळीवर आधी आणलेले गाळलेले पाणी घालायचे.

१९ फेब्रुवारी

आज एक चूक लक्षात आली आणि ती सविस्तर लिहिणे भाग आहे.

परवाचे नमुने ल्यूगॉलच्या आयोडीन द्रावणात जतन केले होते. आयोडीनने पेशी तपकिरी होतात, जड होतात आणि तळाशी बसतात, त्यामुळे उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजणे सोपे जाते. डायटम, म्हणजे सिलिकाच्या भिंती असलेले वनस्पतिप्लवक, व्यवस्थित दिसत होते: लांबट साखळ्या, सिलिकाच्या भिंतींवरच्या रेषा, काटे, सगळे जागच्या जागी. परंतु सुरुवातीच्या ताज्या थेंबात आम्ही स्वतः पाहिलेल्या कोकोलिथोफोर पेशी, म्हणजे अंगावर चुन्याच्या चकत्यांचे कवच बाळगणारे प्लवक, एकाही नमुन्यात नव्हत्या. ४०० पीपीएमच्या बाटल्यांतही नव्हत्या. त्यांच्या जागी पाचेक मायक्रोमीटरच्या गोल, साध्या, ओळख नसलेल्या पेशी होत्या.

कपाटातली बाटली काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. ते द्रावण ल्यूगॉलचे आम्लधर्मी रूप होते, म्हणजे त्यात ॲसिटिक आम्ल होते. कोकोलिथ ही कॅल्साइटची अतिसूक्ष्म चकती असते; आम्लात ती विरघळते. चार दिवसांचे नमुने कोकोलिथोफोरच्या मोजणीसाठी निरुपयोगी ठरले. द्रावण मी वापरायला घेतले होते, त्यामुळे जबाबदारी माझी आहे. एकूण पेशीसंख्या आणि डायटमची मोजणी यांना बाधा येत नाही, ते आकडे ठेवले आहेत. कोकोलिथोफोरच्या रकान्यात मात्र त्या दिवसांसमोर ‘नमुना बाद’ असे लिहिले आहे. शून्य लिहिलेले नाही. शून्य आणि बाद यांतला फरक पुसला गेला असता, तर पुढे कोणीतरी त्या आकड्यांवरून सगळे कोकोलिथ नाहीसे झाल्याचा निष्कर्ष काढला असता.

२० फेब्रुवारी

सोडियम ॲसिटेट घातलेले अल्कधर्मी ल्यूगॉल तयार केले आणि ताजा नमुना घेतला. एका थेंबावर दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात लावून पाहिले. क्षेत्र काळे झाले आणि त्या काळोखात कोकोलिथ लखलखून उठले. प्रत्येक चकतीवर लहानसा गडद क्रूस दिसत होता. कॅल्साइट ध्रुवित प्रकाश दुभंगतो, म्हणून तेवढेच चमकते आणि बाकीचे सारे झाकले जाते. एमिलियानिया हक्सलेयी या जातीच्या पेशीवर अशा चकत्यांचा एकावर एक रचलेला गोल होता, आणि काही चकत्या सुट्या होऊन बाजूला तरंगत होत्या. हे पाहिल्यावर चार दिवसांचे नुकसान अधिकच जाणवले.

२२ फेब्रुवारी

कोकोलिथोफोरविषयीचे जुने काम आज पुन्हा वाचले. २००० साली उल्फ रीबेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कार्बन डायऑक्साइड वाढला की एमिलियानिया हक्सलेयी आणि गेफायरोकॅप्सा ओशिॲनिका या दोन्ही जातींतले कवच घडणे मंदावते. २००८ साली देबोरा इग्लेसियास-रॉड्रिगेझ यांच्या गटाने एमिलियानियामध्येच नेमके उलट, म्हणजे कवच वाढल्याचे, प्रसिद्ध केले. पहिल्या कामात आम्ल आणि अल्क वापरून सामू बदलला होता, दुसऱ्यात बुडबुडे सोडले होते, म्हणून बरेच दिवस पद्धतीवर बोट ठेवले गेले. पुढच्या कामांतून असे दिसले, की पद्धतीपेक्षा वाणाचा फरक मोठा आहे: एकाच जातीचे वेगवेगळ्या समुद्रांतून आणलेले वाण त्याच पाण्यात वेगवेगळे वागतात.

मला सर्वांत पटलेली मांडणी लेनर्ट बाख यांची आहे. कवच घडवण्यासाठी पेशी मुख्यतः बायकार्बोनेट वापरते, म्हणून कार्बन वाढला की सुरुवातीला तिला मदत होते; हायड्रोजन आयन मात्र त्या प्रक्रियेला अडवतात. मदत आणि अडथळा यांची गोळाबेरीज केली, की आलेखाला मध्ये उंचवटा येतो. त्या उंचवट्याच्या कोणत्या बाजूला तुमचा प्रयोग बसला आहे, यावर कवच वाढले की घटले हे ठरते. दोन्ही गट खरे सांगत होते, असे मानायला येथे जागा आहे.

कवच घडताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हेही नव्या वाचकाला सांगितले पाहिजे. दोन बायकार्बोनेटपैकी एकाचे कवच बनते आणि दुसऱ्यातून वायू सुटतो. त्यामुळे कवच घटणे म्हणजे कार्बनच्या हिशेबात सरळ तोटा, असे समीकरण मांडता येत नाही. पण कवचाचे वजन सेंद्रिय कणांना खाली नेते, तेही घटते.

२५ फेब्रुवारी

फ्लो सायटोमीटरचे निकाल हाती आले. येथे पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि आकार व चमक यांवरून त्यांचे ठिपके पडद्यावर गटागटाने उमटतात. सिनेकोकॉकस या प्रकाशसंश्लेषी जिवाणूचा गट नारिंगी प्रकाशामुळे लगेच ओळखू येतो. त्याच्या वर लहान दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशींचा, मायक्रोमोनाससारख्यांचा, पट्टा होता. ८०० आणि १००० पीपीएमच्या बाटल्यांत हा दुसरा पट्टा ठळक आणि दाट होता. सहापैकी पाच बाटल्यांत हे दिसले. सहावी बाटली वेगळी वागली. तिचे पुढे पाहू.

या निरीक्षणाला आधार आहे. २०१० साली नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या कोंग्सफ्योर्डमध्ये नऊ मोठ्या तरंगत्या कोशांत केलेल्या प्रयोगातही अतिसूक्ष्म दृश्यकेंद्रकी पेशींनाच जादा कार्बनचा लाभ झाला होता. असे का व्हावे? प्रकाशसंश्लेषणातले रुबिस्को हे विकर मंद आहे आणि समुद्राच्या पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड त्याला पुरेल एवढा नसतो. विरघळलेल्या कार्बनपैकी जेमतेम १ टक्का त्या रूपात असतो, सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट असते. म्हणून बहुतेक प्लवक बायकार्बोनेट आत ओढून, त्याचे रूपांतर करून, विकराभोवती कार्बन साठवण्याची यंत्रणा बाळगतात आणि तिच्यावर ऊर्जा खर्च करतात. बाहेर कार्बन वाढला की हा खर्च वाचू शकतो. ज्यांची यंत्रणा आधीच कार्यक्षम आहे त्यांचा फारसा खर्च वाचत नाही. ज्यांना मोकळ्या वायूवर अधिक विसंबावे लागते त्यांचा वाचतो.

२७ फेब्रुवारी

सहाव्या बाटलीत, म्हणजे ८०० पीपीएमच्या तिसऱ्या बाटलीत, लहान पेशी कमी आणि रोमक प्राण्यांची (त्यांना खाणाऱ्या एकपेशीय जीवांची) संख्या मात्र इतरांपेक्षा कितीतरी अधिक आहे. काही रोमकांच्या पोटात गिळलेल्या पेशी लालसर चमकताना दिसल्या. म्हणजे लहान पेशी कमी वाढल्या असतील असे नाही. त्या खाल्ल्या गेल्या असतील.

मार्गदर्शक म्हणाले, “ही बाटली गाळू नका. तिच्यात काय चालले आहे ते कळले, तर बाकीच्या अकरांचा अर्थ लागेल.” मला हे पूर्ण पटते. आम्ही मोजतो तो शिल्लक आकडा असतो: वाढ वजा भक्षण. जास्त कार्बनच्या बाटल्यांत लहान पेशी वाढल्या, याचा अर्थ त्या वेगाने विभागल्या असा असेल, किंवा त्यांना खाणारे मंदावले असाही असेल. दोन्हींत पडद्यावरचा पट्टा सारखाच दिसेल.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढची साखळी त्यावर लटकलेली आहे. मोठे डायटम थेट कोपेपोड या छोट्या कवचधारी प्राणिप्लवकाच्या पोटात जातात. अतिसूक्ष्म पेशी आधी कशाभिकांच्या (चाबकासारखी शेपटी असलेल्या एकपेशीय जीवांच्या), मग रोमकांच्या वाट्याला येतात आणि तेथून वर जातात. प्रत्येक पायरीला अन्नाचा मोठा भाग श्वसनात खर्च होतो. पायऱ्या वाढल्या की वर पोहोचणारे अन्न कमी होते. शिवाय एवढ्या लहान पेशी एकट्या असताना जवळजवळ बुडतच नाहीत, त्यामुळे कार्बन खोलवर जाण्याऐवजी पृष्ठभागातच फिरत राहतो.

२ मार्च

आज प्रयोग थांबवला. अखेरचे नमुने घेतले, अल्कतेचे नमुने मर्क्युरिक क्लोराइड घालून वेगळे ठेवले; त्यांचा टाकाऊ द्रव स्वतंत्र डब्यात जमा केला आहे.

४ मार्च

आज आकडे मांडताना एका वेगळ्या कामाची आठवण झाली आणि आमच्या अहवालाची दिशा तिने पक्की केली. प्रोक्लोरोकॉकस हा समुद्रातला सर्वांत लहान प्रकाशसंश्लेषी जीव, जेमतेम ०.६ मायक्रोमीटरचा. त्याच्याकडे कॅटॅलेज हे विकर नाही, त्यामुळे पाण्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून तो स्वतःचे रक्षण करू शकत नाही. ते काम अल्टेरोमोनास हा शेजारी जिवाणू करतो. २०१८ साली ग्वेन हेनन, जेफ मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये या जिवाणूने कॅटॅलेज बनवणे कमी केले आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्या प्रोक्लोरोकॉकसला त्रास झाला. कार्बनचा घाव प्रोक्लोरोकॉकसवर थेट पडला नव्हता. तो मदतनिसाच्या मार्फत आला. एकट्या जातीच्या चाचणीत हा परिणाम सापडण्याची शक्यताच नव्हती.

लोहाचेही तसेच. सामू उतरला की लोहाचे रासायनिक बंध बदलतात आणि प्लवकांना ते घेणे अवघड होऊ शकते, हे २०१० साली दालिन शी आणि फ्रान्स्वा मोरेल यांच्या गटाने दाखवले. म्हणजे एका बाजूने कार्बन वाढून मदत आणि दुसऱ्या बाजूने लोह दुरावून अडचण. आम्ही बाटल्या आम्लात धुतल्या, परंतु विरघळलेल्या लोहाची स्वतंत्र मोजणी केली नाही; ही या फेरीतली मोठी उणीव आहे आणि ती अहवालात तशीच लिहिली आहे.

७ मार्च

काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे आज ठरले. लहान दृश्यकेंद्रकी पेशींचे प्रमाण वरच्या दोन पातळ्यांत वाढले, एका बाटलीचा अपवाद वगळता, असे लिहायचे. वाढीचा वेग वाढला, असे लिहायचे नाही. कोकोलिथोफोरविषयी २० फेब्रुवारीनंतरचेच आकडे द्यायचे आणि त्यांवरून कल सांगायचा नाही, कारण सुरुवात हरवलेली आहे. ‘अनुकूलन’ हा शब्द कोठेही वापरायचा नाही. तीन आठवड्यांत समुदायातली प्रमाणे बदलतात; जाती बदलायला शेकडो पिढ्या लागतात. काई लोबेक आणि सहकाऱ्यांनी एमिलियानिया सुमारे ५०० पिढ्या वाढवून २०१२ साली तो बदल दाखवला होता. आमच्या बाटल्यांमधला काळ त्याच्या जवळपासही नाही.

९ मार्च

दुसऱ्या फेरीचा आराखडा झाला. प्रत्येक पातळीवर लँड्री आणि हॅसेट यांची १९८२ सालची विरलन पद्धत वापरायची. समुद्राचे पाणी गाळलेल्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळले, की भक्षक आणि भक्ष्य यांची गाठ पडणे कमी-कमी होत जाते. पेशींची स्वतःची वाढ मात्र तीच राहते. सर्वाधिक विरल केलेल्या बाटलीकडून मूळ बाटलीकडे येताना शिल्लक वाढ जितकी घसरते, तितके भक्षण. चारही पातळ्यांची ही घसरण शेजारी-शेजारी मांडली, तर कार्बनने वाढ बदलली की भक्षण, हे वेगळे काढता येईल. पातळ्या चार, विरलनाच्या पायऱ्या पाच, प्रत्येकी तीन बाटल्या. एकूण साठ होतात. प्रकाशकक्षात एका वेळी तीसच मावतात, म्हणून ४०० आणि १००० या दोन पातळ्या आधी घ्यायच्या. लोहाच्या मोजणीसाठी प्रत्येक बाटलीतून वेगळा नमुना काढायचा. अल्कधर्मी ल्यूगॉलच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तयार केल्याची तारीख लिहून ती वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे.